वासराच्या वाटणीची धार

दुधाची गाडी बंद होणार ही बातमी डेअरीच्या सेक्रेटरीनं आम्हांला यंत्र पुसता पुसता दिली. गणपती नुकतेच पोचवले होते आणि पाऊस अजून पुरता उघडला नव्हता.

डेअरी म्हणजे एक पत्र्याची खोली. तिच्यात वजनकाटा, दुधातलं फॅट सांगणारं यंत्र आणि भिंतीवर ओळीनं पडलेल्या उमेदवारांची कॅलेंडरं. निवडून आलेले कॅलेंडर छापत नाहीत, त्यांना गरज उरत नाही. आमचं गाव रामनगरच्या मागच्या अंगाला, रानात शिरणाऱ्या रस्त्यावर. इथून पुढं दिग्गीच्या बाजूला माणसं कमी आणि झाडं जास्त. रोज सकाळी रामनगरहून एक टेम्पो चढ चढून येतो आणि गावाचं दूध कॅनात भरून नेतो. त्याला सगळे गाडी म्हणतात. बसलाही गाडीच म्हणतात, पण ती येईलच असं धरून कुणी पिशवी भरत नाही.

"दूध पातळ यायलंय," सेक्रेटरी म्हणाला. "वरनं सांगितलंय. दिवाळीपतोर फॅट साडेतीनच्या वर आलं न्हाई तर गाडी रामनगरातनंच माघारी फिरनार. एवढा चढ चढून पाणी न्यायला डिझेल न्हाई म्हणत्यात."

माझ्या वहिनीनं चरवी खाली ठेवली. "आमचंच पातळ हाय काय?"

"अक्का, तुमचं लई हाय आणि पातळ हाय. बाकीच्यांचं घट्ट हाय, पर ते तांब्याभर. तुमचं घेतलं न्हाई तर कॅन भरत न्हाई. घेतलं तर फॅट पडतंय. मी काय करू?"

अडचण त्यानं स्वच्छ मांडली होती. गावात बहुतेकांकडं गावठी गाई. कमरेएवढ्या, रानात चरून संध्याकाळी स्वतःच्या स्वतः घरी येणाऱ्या. त्यांचं दूध थोडं, पण बोटावर घेतलं तर ओशट लागतं. जर्सीच्या जातीची मोठी तांबडी गाय फक्त वहिनीची. गावच्या कॅनात अर्ध्याच्या वर दूध त्या एका गाईचं असायचं, आणि पावसाळ्यात कोवळं ओलं गवत खाऊन ती जे द्यायची त्याला दूध म्हणायला मन थोडं मोठं करावं लागे.

वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. मी नोकरी दांडेलीत केली आणि निवृत्त होऊन पुस्तकांच्या पेट्या घेऊन घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहायला आलो. अंगण एक, चुली दोन. सकाळी दुधाची चरवी डेअरीवर नेताना मी तिच्याबरोबर जायचो. चरवी तीच उचलायची. मी सोबत.

तिचा मुलगा गोव्यात कारखान्यात आहे. दोन खोल्यांचं घर, बायको, एक मुलगी. आई एकटी रानात राहते हे त्याला बरं वाटत नव्हतं. दर सणाला तो न्यायला यायचा आणि दर सणाला ती त्याला एकच उत्तर द्यायची, "डेअरीची गाडी येतीया तवर मी हितंच. गाडी थांबली की मी तुज्या दारात." तो हे उत्तर मनात धरून बसला होता. आमच्याकडं याहून ढिल्या शब्दावर लग्नं ठरतात.

त्यामुळं त्या सकाळी डेअरीतून परतताना तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. अंगणात आल्यावर तिनं चरवी पालथी घातली आणि म्हणाली, "दोन खोल्यांत माणूस हात कुठं पसरतंय, भावजी?"

याच सुमाराला पावडर आली.

रामनगरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. बाहेर फलक: संपूर्ण वनस्पतिजन्य पशुपूरक आहार. पुडीवर बर्फाच्या डोंगरापुढं उभी असलेली एक पांढरीशुभ्र गाय होती आणि तिच्या कासेच्या जागी हिरवं पान छापलेलं होतं. हा कलाकाराचा संकोच होता की छपाईची चूक, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माइकवर एकजण बराच वेळ हॅलो हॅलो म्हणत होता. समई वाऱ्यानं पेटेना, म्हणून पंखे बंद केले, मग माणसं उकडून बाहेर जायला लागली, म्हणून पंखे पुन्हा लावले आणि समई पेटली आहे असं जाहीर केलं. दारात हार घातलेली एक गाय आणून उभी केली होती. प्रमुख पाहुण्यांनी तिला तळहातावरून पावडर चारायची होती. गाय हुंगली आणि शिंकली. पाहुण्यांचं जाकीट हिरवं झालं. टाळ्या पडल्या.

मग कंपनीचा माणूस बोलला. शतावरी, मेथी, जिरं, बडीशेप "आणि इतर मौल्यवान वनस्पती". शतावरी आमच्या कुंपणाला आपोआप उगवते आणि वहिनी ती काटे टोचतात म्हणून उपटून टाकते. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं.

कार्यक्रमानंतर तो माणूस आमच्यापाशी आला. "माताजी, याच्यानं दुधाची गुणवत्ता आतून बदलते."

"आतनंच बदलाय पायजे," वहिनी म्हणाली. "भाईरनं बदलली तर यंत्र धरतंय."

तो हसला नाही. विकणाऱ्या माणसाला हसून चालत नसावं. तिनं पुडी घेतली, आणि मी तिला अडवलं नाही. माझ्या वाचनात अशा वनस्पतींबद्दल बरंवाईट दोन्ही आलेलं होतं, आणि ज्या गोष्टीबद्दल दोन्ही आलेलं असतं तिच्यात माणूस आपल्याला हवं ते शोधतो.

पावडर खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. मेथीच्या वासानं गाय पेंडीच्या घमेल्यात तोंड घालायची ते तळ चाटूनच बाहेर काढायची. आठवडाभरात दूध वाढलं. चरवी काठाला लागली. माझ्या चहाला मेथीचा वास यायला लागला, पण त्याची तक्रार करायची ती वेळ नव्हती. वहिनीनं पदर खोचला, चरवीवर स्वच्छ फडकं बांधलं आणि त्या दिवशी वाटेत दोघींना सांगितलं की अमुक पावडर, तमुक दुकानात मिळते.

सेक्रेटरीनं दूध यंत्रात घातलं. आकडा आदल्या आठवड्यापेक्षा खाली आला होता. त्यानं यंत्र धुतलं, पुन्हा घातलं. आकडा तोच.

"अक्का, वाढलंय न्हवं दूध?"

"वाढलंय की. बघ ना, काठोकाठ हाय."

"म्हणूनच," तो म्हणाला. "साय तेवढीच, दूध लई."

पाहुणे वाढले की आमटीत तांब्याभर पाणी ओततात, तसं गाईनं आपल्या आत केलं होतं. पुडीवर दूध वाढेल असं लिहिलं होतं, ते वाढलं. दूध वाढलं तर साय कुठून येईल हे कुणी लिहिलं नव्हतं आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

डेअरीपाशी रांगेत बायका असतात. दूध घालून झालं तरी त्या जात नाहीत, कारण घरी गेलं की काम असतं. त्यातली एक म्हातारी, दोन गावठी गाई राखणारी, घट्ट दुधामुळं त्या दिवसांत गावात जरा मान वर करून चालायची. ती म्हणाली, "माणसाचं बी तसंच. खाल्ल्याबिगर अंगावर चढत न्हाई. दुधात तूप पायजे तर गाईच्या पोटात तूप जाया नको? दुसरं कुठनं येनार?"

"घरातलं तूप गाईला घालू?" वहिनी म्हणाली. "मग गाय कशाला राखायची?"

"गाईचं तूप कोन म्हणतंय गे? उप्पगेचं घाल की. झाडाचंच हाय. तुजी पावडर बी झाडाचीच."

उप्पगे हे कोकमाचं रानातलं भावंड. पावसात आमच्याकडच्या बायका ती फळं गोळा करतात, साल धुरावर वाळवून व्यापाऱ्याला देतात आणि बिया उकळून त्यांचं तूप काढतात. थंड झालं की मेणासारखं घट्ट बसतं. ते तळणाला वापरतात, थंडीत टाचांच्या भेगांत भरतात. ज्याच्यानं माणसाच्या टाचा आणि पोट दोन्ही सावरतात ते गाईलाही चालेल असं मलाही वाटलं. म्हातारीचा हिशेब ऐकायला इतका सरळ होता की त्यात खोट काढणं उद्धटपणा वाटला असता.

वहिनीनं वर्षाचं तूप डब्यातून खरवडून काढलं. पातळ करून पेंडीत कालवलं, वरून पावडर. गाईनं पहिल्या दिवशी खाल्लं. दुसऱ्या दिवशी खाल्लं आणि भाताचा पेंढा तसाच ठेवला. मग पेंड ठेवली. शेण पातळ झालं. फॅट आणखी उतरलं, पण तोवर फॅटकडं कुणाचं लक्ष नव्हतं, कारण गाय रवंथ करेना. जनावराचा जबडा हलायचा थांबला की घरातली माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. वहिनी गोठ्याच्या दारात बसून राहिली. चूल माझ्याच बाजूला पेटली आणि मी केलेली भाकरी तिनं काही न म्हणता खाल्ली, यावरून तिची अवस्था ओळखावी.

जोयड्याहून डॉक्टरीण स्कूटरवर आली. तरुण, कानडी बोलणारी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. तिनं गाईच्या कुशीवर मूठ दाबून धरली, शेण काडीनं उलगडून पाहिलं आणि काय चारलं ते विचारलं. वहिनीनं कानडीत सगळं सांगितलं, उप्पगेसकट. डॉक्टरीण पालथ्या बादलीवर बसली. तिनं सांगितलं ते साधं होतं. गाय पेंढा स्वतः पचवत नाही, तिच्या पोटात राहणारे बारीक जीव तो तिच्यासाठी आंबवतात. दुधातली साय बरीचशी त्या आंबलेल्या काडीतूनच होते. पोटात एवढी चरबी ओतली की ती काडीवर बसते, त्या जीवांना काडी लागत नाही, ते निम्मे मरतात. मग साय कशातून होणार?

"म्हंजे तूप घातलं म्हणून तूप गेलं," वहिनी मला मराठीत म्हणाली.

"तसंच."

"हे त्या म्हातारीला सांगू नगा. तिला वाईट वाटंल."

डॉक्टरणीनं तूप बंद करायला सांगितलं, औषध पाजलं, सुका पेंढा भरपूर घाल म्हणाली. पावडरीबद्दल विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, घाला नाहीतर घालू नका, फॅटसाठी तिच्याकडं बघू नका. मग निघताना तिचं लक्ष कोपऱ्यात बांधलेल्या वासराकडं गेलं. कालवड होती, आईसारखी तांबडी, अंगावर बोट फिरवलं तर चमकणारी. डॉक्टरणीनं तिच्या गळ्याखाली खाजवलं. वहिनीला विचारलं, हिला कोण पाजतं? वहिनी म्हणाली, तिची आई पाजती, आणखी कोण. चौथा सड तिचाच, आणि बाकीच्या तिन्हींची शेवटची धार बी तिचीच.

डॉक्टरीण हसली. कालवडीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "मग तुमचं फॅट हे काय, इथं बांधलंय."

ती थट्टा होती. ती स्कूटरला किक मारून निघूनही गेली. पण औषधाची पिशवी धरून सेक्रेटरी दारात उभा होता, आणि त्यानं ते ऐकलं.

इथं रीत सांगायला हवी. आमच्याकडं दूध काढण्याआधी वासरू सोडतात. त्यानं दोन ढुशा दिल्या की गाय पान्हा सोडते. मग त्याला आईच्या पुढच्या पायाला बांधून तीन सड पिळायचे. चौथ्याला हात लावायचा नाही. आणि तिन्हींतही शेवटचं राखायचं. कास कधी रिती करायची नाही. वहिनीला हे तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. आईला फॅट हा शब्द माहीत नव्हता. पण पहिली धार पाण्यासारखी येते आणि शेवटची दाट, हे धार काढणाऱ्या कुणाच्याही बोटांना कळतं. दाट ते वासराला, पातळ ते माणसाला, अशी ती वाटणी होती. त्या वाटणीत गावची कितीतरी वासरं वाढली आणि कुणाचं काही अडलं नाही, कारण चहाला साडेतीन लागत नाही.

गाय आठवड्यात सावरली. रवंथ सुरू झाला, फॅट मूळच्या जागी आलं. मूळची जागा रेघेच्या खालीच होती. सेक्रेटरी संध्याकाळी घरी आला, अंगणात उकिडवा बसला, पान जमवलं.

"अक्का, शेवटची धार काढून बगा की."

"ती आमची न्हवं."

"आता कुनाची हाय ते बगायची येळ न्हाई. दिवाळी पंधरवड्यावर आली. गाडी थांबली तर माजी खोली बी बंद. गावठीवाल्यांचं तांब्यातांब्यानं दूध रामनगरला कोन पायी नेनार?"

"तुजी खोली बंद झाली तर तू दुसरं काय तरी करशील. वासरानं काय करायचं?"

"वासराला पेज घाला. आपुन सगळी पेजंवरच वाढलो न्हवं?"

हे मात्र खरं होतं. उकड्या तांदळाची पेज या भागात आईच्या दुधाच्या खालोखाल. वहिनीनं आपल्या मुलाला पेजेवर वाढवलं, मलाही तापात पेज तीच द्यायची.  सेक्रेटरी गेल्यावर तिनं पानाची पिंक धुऊन टाकली आणि मला विचारलं, "पुस्तकात काय म्हणत्यात?"

"वासराला लहानपणी दूधच लागतं म्हणतात."

"किती?"

"ते जे म्हणतात तेवढं इथं कुणीच पाजत नाही."

"मग काय उपेग पुस्तकाचा," ती म्हणाली, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं.

दोन दिवसांनी सकाळी मी गोठ्यात गेलो तेव्हा ती चौथ्या सडावर बसली होती. मी दारातून मागं फिरलो. चरवी घेऊन ती बाहेर आली तेव्हा फेस वेगळाच होता, पिवळसर, पटकन न बसणारा. डेअरीत यंत्रानं आकडा दाखवला. सेक्रेटरीनं यंत्राचं तोंड तिच्याकडं वळवलं. तिनं पाहिलं नाही. "भरून घे बाबा," म्हणाली.

गावात बातमी झाली की अक्काचं फॅट चढलं. पावडर तेव्हाही घमेल्यात पडतच होती, कारण आणलेली वस्तू टाकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळं ज्यानं त्यानं फॅटचं श्रेय पावडरीला दिलं. कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून येऊन गाईचा, वहिनीचा आणि यंत्राच्या आकड्याचा फोटो काढून गेला. कालवड मध्ये मध्ये येत होती म्हणून तिला बाजूला बांधायला सांगितलं.

कालवड पेज प्यायची. आधी तोंड फिरवायची, मग वहिनी बोटं पेजेत बुडवून तिच्या तोंडात द्यायची आणि ती सडासारखी चोखायची. ताकद यावी म्हणून वहिनी पेजेत चिमूटभर पावडरही घालायची. आठवड्यानं कालवड भिंतीची माती चाटायला लागली. अंगावरचे केस उभे राहिले. मग तिला हगवण लागली. पांढरी, आंबूस वासाची. डॉक्टरणीला फोन केला, ती गुंद गावाला गेली होती, फोनवरच म्हणाली पेज बंद करा, तांदूळ तिला पचत नाही, आईला पाजू द्या. वहिनीनं त्या दिवशी पाजू दिलं. डेअरीतला आकडा त्याच सकाळी पडला. सेक्रेटरी रस्त्याच्या वळणाकडं पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पिळून काढलं आणि पेज न देता नुसतं मीठगुळाचं पाणी दिलं.

आमच्याकडं पाडव्याला कुणी दूध काढत नाही. गाईंना अंघोळ, शिंगांना रंग, झेंडूच्या माळा, पोळी, आणि त्या दिवसाचं सगळं दूध वासरांचं. डेअरी त्या दिवशी कधीच उघडी नसायची. यंदा सेक्रेटरीनं घरोघर सांगितलं की शेवटचे हेच दिवस वर मोजणार आहेत, एक दिवस खंड नको. म्हातारीनं त्याला दारातून परत पाठवलं. बाकीच्यांनी काढलं. वहिनीनं गाईच्या गळ्यात माळ घातली, कुंकू लावलं, नमस्कार केला आणि खाली बसून कास रिती केली. मी कालवडीच्या गळ्यात माळ बांधली. गळा एवढा बारीक झाला होता की माळ दोनदा वेढली.

भाऊबिजेला मुलगा आला नाही, फोन केला. त्याच दिवशी सकाळी कालवड गेली. गोठ्याच्या कोपऱ्यात, तोंड आईकडं करून. मी आणि शेजारचा, दोघांनी सुपारीच्या झाडांपलीकडं खड्डा काढला. वहिनी माळ काढून घ्यायला विसरली आणि नंतर तशीच राहू दे म्हणाली.

गाय पहिले दोन दिवस हंबरली. मग हंबरायची थांबली आणि दूधही चोरायला लागली. वहिनी खाली बसली की ती मागं बघायची, वासराच्या ढुशीची वाट बघत. ढुशी आली नाही की पान्हा येत नसे. गूळ चारला, कोमट पाण्यानं कास शेकली, पावडर दुप्पट केली. चरवीच्या तळाला जे यायचं ते पातळ, पहिल्या धारेचं. म्हातारी म्हणाली, "कातडं काढलं असतं तर पेंढा भरून उभं करता आलं असतं. गाय फसती."

"जितेपनी पोरीला फसवलं," वहिनी म्हणाली, "आता तिच्या कातड्यानं आईला फसवू व्हय?"

 

तुळशीच्या लग्नानंतर त्याच हॉलमध्ये सत्कार झाला. या वेळी समई आधीच पेटवून ठेवली होती. पडद्यावर वहिनीचा फोटो, बाजूला आकडा, खाली बर्फातली पांढरी गाय. एका वक्त्यानं गोमातेवर भाषण केलं आणि त्यात माता हा शब्द इतक्यांदा आला की शेजारचा माणूस आईच्या आठवणीनं नव्हे तर कंटाळ्यानं डोळे पुसत होता. वहिनीला शाल, नारळ आणि पावडरीचा मोठा डबा दिला. मग तिला दोन शब्द बोलायला सांगितले. तिनं यापूर्वी माइक हातात धरलेला नव्हता. तो तिनं पळीसारखा धरला.

"वासरू गेलं," ती म्हणाली.

आणखी काही येईल म्हणून हॉल थांबला. आलं नाही. कंपनीच्या माणसानं माइक हळूच काढून घेतला आणि म्हणाला, "अक्का आज भावुक झाल्या आहेत." टाळ्या पडल्या, पाहुण्यांच्या जाकिटाला या वेळी काही झालं नाही.

सेक्रेटरी त्याच आठवड्यात अंगणात आला. गाडी चालू राहणार. वर मोजलेल्या दिवसांचं फॅट रेघेच्या वर बसलं होतं. त्यानं पेढ्याचा पुडा आणला होता. त्या पेढ्यांना खव्याचा वास नव्हता, कसल्याशा वनस्पती तुपाचा होता, पण आम्ही दोघांनी एकेक खाल्ला. वहिनी म्हणाली, "बरं झालं. म्हातारीला लांब चालाय नको."

दूध महिनाभरात आटलं. खानापूरकडचा एकजण गाय घेऊन गेला. तिला गाभण करवीन, नीट सांभाळीन, असं त्यानं दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. गाय टेम्पोत चढायला तयार नव्हती. वहिनीनं घमेल्यात मेथीच्या वासाची ती पावडर टाकून पुढं धरली, तेव्हा चढली. पावडरीचा मला माहीत असलेला तो शेवटचा उपयोग.

मग मुलगा आला. त्याला आईची अट आठवत होती, पण तो भांडायला आला नव्हता. ओट्यावर बसून पायातली चप्पल काढत म्हणाला, "आई, गाडी येते. पण तू घालणार काय तिच्यात?"

ती आत गेली. पातळं पिशवीत भरली, उप्पगेचा रिकामा डबा घासून फळीवर पालथा ठेवला, चरवी मला दिली. सत्काराचा फ्लेक्स कुणीतरी घरी आणून टाकला होता. तो तिनं माझ्या लाकडांच्या ढिगावर अंथरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, माझी लाकडं भिजू नयेत म्हणून. फोटोतली तिची नजर वर आभाळाकडं आली. "पाऊस थांबंस्तोर टिकंल," म्हणाली. पाऊस केव्हाच थांबला होता.

आता मी रामनगरहून पिशवीचं दूध आणतो. पिशवीवर फॅट छापलेलं असतं, कुठल्या गाईचं ते नसतं. वळणावर हॉर्न वाजला की म्हातारी तांब्या घेऊन माझ्या दारावरून जाते. मागाहून थोड्या वेळात गोव्याहून फोन येतो. दुसरं काही विचारायच्या आधी वहिनी तेच विचारते.

"भावजी, गाडी आली व्हय?"

"आली."

"कॅन भरला?"

मी सांगतो, भरला. तो भरत नाही हे सेक्रेटरीला माहीत आहे, ड्रायव्हरला माहीत आहे, आणि माझ्या मते तिलाही.